परदेशची विद्या आणि केडगावची शाळा

आपल्या शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील ज्ञातिकुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. मुलीने शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आहे, इंग्रजी उत्तम आहे, आखाती देशांत किंवा मालदीवमध्ये इंग्रजी शिकविण्याची नोकरी मिळण्याजोगी आहे. तिला पाठवावे की नाही? कोणी पगाराचा हिशेब मांडतो, कोणी तिच्या लग्नाची काळजी वाहतो. परंतु हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही, आणि त्याचे एक भरभक्कम उत्तर आपल्याच भागात, पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावी उभे आहे, याचे स्मरण फार थोड्यांना असते. ते करून द्यावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

परदेशात जाऊन शिकविणे हा उद्योग आपल्या भागाने प्रथम पाहिला तो परक्यांचा. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फॅरार या अविवाहित बाई इ. स. १८२७ मध्ये मुंबईस आल्या व तेथे मुलींच्या शाळा पाहू लागल्या. १८३९ पासून त्यांचे कार्य अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे चालले आणि १८६२ साली त्यांनी तेथेच देह ठेवला. इतकी वर्षे परमुलखात शिकवायचे तर मुलींची भाषा आधी आपण शिकली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या शाळा मराठीतून चालत. पुण्याच्या जोतीराव फुले यांनी नगरची ती शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना त्यांनी घरी शिकवून शिक्षिका केले. पुण्याहून नगरास जाणारा रस्ता आपल्या घोडनदीवरून, म्हणजे शिरूरवरूनच जातो. एका शिक्षिकेपासून दुसरी शिक्षिका घडते, हा विचार याच रस्त्याने पुण्यास पोहोचला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्यानंतर पस्तीस वर्षांनी हाच प्रवास उलट दिशेने झाला, आणि तो करणारी व्यक्ती आपल्यातली होती. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने मुलीला. दुष्काळात आईवडील गेले, पुढे बंगालमध्ये विवाह झाला, आणि १८८२ साली पती वारल्यावर तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. येथे त्यांनी मिस हरफर्ड यांच्यापाशी इंग्रजीचे धडे घेतले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई याही त्याच बाईंपाशी इंग्रजी शिकल्या.

त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे रमाबाईंची साक्ष झाली. मुलींना शिकविणाऱ्या स्त्रियांना त्या कामाचे खास शिक्षण मिळाले पाहिजे; त्यांना स्वभाषा शुद्ध यावी व शिवाय इंग्रजीही यावे; शिकत असता त्यांस पुरेशी शिष्यवृत्ती असावी; आणि मुलींच्या शिक्षिकेचा पगार मुलांच्या शिक्षकाहून अधिक असावा, असे त्यांनी सांगितले. यातील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी स्वभाषा, मग इंग्रजी. आणि दोहोंच्या जोडीला शिकविण्याची कला.

१८८३ साली त्या विलायतेस गेल्या. खर्चाची सोय कशी झाली, हे आजच्या पालकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. प्रवासखर्चाला ‘स्त्रीधर्मनीति’ या त्यांच्या पुस्तकाचे उत्पन्न कामी आले. वाँटेज येथील भगिनीसंघाने त्यांस आश्रय दिला, आणि त्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानात कामास येणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे, असे ठरले. म्हणजे आपली मातृभाषा शिकवून त्यांनी इंग्रजी मिळविले. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. त्यावरून महाराष्ट्रात उठलेले वादळ सर्वश्रुत आहे. तो आजच्या लेखाचा विषय नाही.

वैद्यक शिकण्याचा त्यांचा मूळ मनोदय कानांच्या दुखण्यामुळे सोडावा लागला. तेव्हा त्यांनी शिक्षिकेचा मार्ग धरला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात मिस डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या शिकू लागल्या व संस्कृत शिकवूही लागल्या. तरुण पुरुषांनाही त्यांनी हिंदी भाषा शिकवाव्यात असा विचार निघाला, तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. अशाने मायदेशी त्यांची प्रतिष्ठा कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी मिस बील यांना स्पष्ट कळविले की हिंदुस्थानात आपण पुरुषांच्या भरसभांत बोललेल्या आहो, आणि आपले बरेवाईट आपणांस कळते. परदेशी नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला मानाबरोबर अशी बंधनेही येतात. ती निमूटपणे पत्करायची नसतात, हा धडा त्यांनी त्या काळी घालून दिला.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचे शिक्षकी शिक्षण घेतले आणि मराठी मुलांसाठी त्या धर्तीवर क्रमिक पुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले. १८८७ साली इंग्रजीत लिहिलेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या पुस्तकात त्यांनी आपल्या भगिनींच्या तीन गरजा सांगितल्या. पहिली स्वावलंबन, दुसरी शिक्षण आणि तिसरी देशी स्त्री-शिक्षिका. या तिसऱ्या गरजेवरच त्यांनी पुढील आयुष्य खर्ची घातले. त्यांना अमेरिकेत व्याख्याने देत सुखाने राहता आले असते. परंतु बोस्टनच्या मित्रमंडळींनी दहा वर्षांच्या मदतीचे वचन देताच त्या परतल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ निघाले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे शिकलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९३ साली, मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होत आहे या कारणाने रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले, आणि कित्येक पालकांनी मुली घरी नेल्या. त्या पालकांची व्यथा खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु घरी नेलेल्या त्या मुलींचे शिक्षण पुढे कोणी केले, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

संस्थेने स्वतःच्या उत्पन्नावर चालावे म्हणून रमाबाईंनी केडगावी जमीन घेऊन मळा केला होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली व विधवा आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू झाल्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे सुमारे १५०० माणसे होती. इतक्यांना शिकविणार कोण? शहरातून शिक्षक माळावर येत नाहीत, हे त्या काळीही खरे होते. म्हणून शारदा सदनात तयार झालेल्या मुली नव्या मुलींच्या शिक्षिका झाल्या. बालोद्यान, शिक्षिकांचा वर्ग, हातमाग, छापखाना अशी कामे तेथे चालली. कन्या मनोरमाबाई अमेरिकेत शिकून आल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, आणि अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम त्यांनी केले. १९२१ मध्ये मनोरमाबाई व १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या; संस्था मात्र आजही चालू आहे.

चौफुल्याहून न्हावऱ्यावरून शिरूर गाठायला फार वेळ लागत नाही. तरीही भीमेच्या दोन्ही तीरांवरील आपल्या कित्येक घरांनी, धर्मांतराच्या एका गोष्टीपायी, केडगावच्या शाळेकडे पाठ फिरविली. धर्म ज्याचा त्याला लखलाभ. पण शिक्षिका घडविण्याची रीत घ्यायला कोणती आडकाठी होती?

ही रीत आज अधिकच हवी आहे. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले. निर्णय एका वर्षात झाला. पण जे शिक्षक स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकले होते, त्यांनाच ते सहा वर्षांच्या मुलांना शिकविणे भाग पडले. इंग्रजी येणे निराळे आणि इंग्रजी शिकविता येणे निराळे, हे तेव्हा खेडोपाडी कळून आले. रमाबाईंनी १८८२ सालीच हे सांगून ठेवले होते.

तेव्हा मुलीला परदेशी पाठवावे काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे : अवश्य पाठवावे. मात्र ती मराठीत पक्की होऊन जावी, आपल्या कष्टावर राहावी, अपमान सोसू नये, आणि परतताना नुसता पैसा न आणता शिकविण्याची रीत आणावी. ज्ञातिमंडळांनीही आपली वाटणी उचलली पाहिजे. शिष्यवृत्तीचे अर्ज तपासताना वैद्यक व अभियांत्रिकीपुढे शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थिनी मागे पडतात. दरवर्षी निदान दोन शिष्यवृत्त्या शिरूर व दौंडच्या अशा मुलींसाठी राखून ठेवाव्यात. अट एकच असावी : जिला ती मिळेल, तिने पुढे गावच्या शाळेतील दोन शिक्षिकांना आपल्याजवळची विद्या द्यावी. एक मुलगी परदेशी कमावती झाली तर एक घर वर येते. तिने दोघींना तयार केले तर गावची शाळा उभी राहते. केडगावच्या माळावर हेच घडले, आणि आपल्या गावांतही ते घडू शकेल, असा आमचा दृढ विश्वास आहे.