वंगण तेल, संश्लेषित

रासायनिक संश्लेषणाने बनविलेले वंगण तेल. खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या रूढ वंगण तेलातील मेणासारखे घटक कडाक्याच्या थंडीत गोठतात, तर उच्च तापमानास तेलाचे ऑक्सिडीभवन होऊन एंजिनात गाळ साचतो. या दोषांवरील उपाय शोधताना संश्लेषित तेलांचा विकास झाला. खनिज तेलाचे साठे अपुरे असलेल्या जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एस्टर तेलांवर संशोधन झाले. युद्धोत्तर काळात ती विमानांच्या झोत एंजिनांत रूढ झाली आणि १९७०–८० या दशकात अशी तेले अमेरिकेत मोटारगाड्यांसाठीही विक्रीस आली.

हायड्रोजनाच्या साहाय्याने तीव्र संस्करण केलेल्या खनिज तेलासही ‘संश्लेषित’ म्हणता येईल, असा निर्णय अमेरिकेतील दोन उत्पादकांमधील जाहिरातविषयक वादात १९९९ मध्ये देण्यात आला. परिणामी हे नाव उत्पादनपद्धतीचे निश्चित निदर्शक उरले नाही. म्हणून तेलाची निवड केवळ नावावरून न करता वाहननिर्मात्याने विहित केलेली श्यानता (उदा., ५डब्ल्यू–३०) व गुणवत्ता-श्रेणी यांवरून करणे इष्ट असते. अतिशीत हवामानात किंवा निर्मात्याची तशी अट असल्यास संश्लेषित तेलाची अधिक किंमत सार्थ ठरते. एरव्ही विहित श्रेणीचे रूढ तेल वेळेवर बदलणे पुरेसे होते.