५१ आणि ४९

आमच्या विदर्भात गुढीपाडव्याला सालगडी ठेवण्याची रीत पूर्वापार चालत आली. धान्य किती, रोख किती, एवढे ठरले की बोलणे संपे. बैल आजारी पडला तर काय, पाऊस लांबला तर काय, याची कलमे कोणी लिहीत नसे. ते सारे नात्यावर सोडलेले असे. धनी भला असला तर साल सुखाने सरे. नसला तर गड्याने सोसायचे.

सरकारे आणि कंपन्या यांचे दीर्घ मुदतीचे व्यवहारही शेवटी याच वळणावर जातात, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. त्यासाठी आपण भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्याला जाऊ. तुमसर तालुक्यातले हे गाव ओळखले जाते ते मँगेनीजच्या खाणीमुळे. मँगेनीजवाचून पोलाद होत नाही. या पट्ट्यातल्या मँगेनीजयुक्त खडकाला फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. गोंडांच्या वाट्याला खडकाचे नाव आले. खनिज मात्र आगबोटीत बसून परदेशी गेले.

१८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही विलायती मंडळी या मुलखात उतरली. तीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगेनीज ओअर कंपनी झाली. मग स्वातंत्र्य आले. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा भंडारा आणि नागपूर मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. १९६० साली महाराष्ट्र झाला. जमिनीखालची शीर एकच, वर राज्ये दोन आणि मालक साता समुद्रांपलीकडचा!

हा गुंता १९६२ च्या कराराने सुटला. कंपनीची मालमत्ता सरकारने घेतली आणि ‘मँगेनीज ओअर इंडिया’ ही नवी कंपनी निघाली. तिचे ५१ टक्के भाग भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्याकडे आले. उरलेले ४९ टक्के जुन्या विलायती कंपनीकडेच राहिले. काल जो धनी होता, तो आज धाकटा भागीदार झाला. हा संसार पंधरा वर्षे चालला. १९७७ साली ते ४९ टक्केही सरकारने घेतले.

मला या ४९ टक्क्यांचे महत्त्व फार वाटते. खाणीचा व्यवहार म्हणजे आठवडी बाजारातली खरेदी नव्हे. शीर कोठे वळेल, पोलादाचा भाव कोठे जाईल, हे आधी लिहून ठेवता येत नाही. जे लिहिता येत नाही ते निभावण्यासाठी दोन्ही पक्षांचे हित एकाच ताटात असावे लागते. योगायोग असा, की १९६३ साली अमेरिकेत स्ट्यूअर्ट मॅकॉले या कायद्याच्या अभ्यासकाने विस्कॉन्सिनमधल्या व्यापाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तंटा उभा राहिला की हे व्यापारी बहुधा करारपत्र काढून बसत नाहीत, आपसांत बोलून वाट काढतात, असे त्याला आढळले. पुढे इयन मॅक्नील याने अशा करारांना ‘नात्याचे करार’ म्हणून शास्त्रात जागा दिली. आमच्या सालगड्याला ते आधीच ठाऊक होते.

पण सालगड्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. नाते दुबळ्याच्या कामी येतेच असे नाही. ५१ आणि ४९ मिळून शंभर झाले. खाली उतरणाऱ्या मजुराचा वाटा त्या शंभरात कोठेच नव्हता. खाणीच्या धंद्यात ठेकेदारामार्फत मजूर लावण्याची चाल जुनी. मालकाचे नाते ठेकेदाराशी, मजुराशी नव्हे. कंत्राटी कामगारांसाठी देशाचा कायदा झाला तो १९७० साली. नाते जेथे लंगडे पडते, तेथे लेखी कलमच लागते, हा त्यातला धडा.

चिखल्याच्या भुयारात खनिज काढले की रिकाम्या जागेत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरून घेतात. न भरली तर वरचा खडक खाली येतो. दीर्घ मुदतीच्या कुठल्याही करारात मी आता एवढेच पाहतो : काढणारे कोण आहेत हे तर लिहिलेलेच असते, भरायचे कोणी, ते लिहिले आहे काय?