गावाच्या दप्तरातले संकटाचे पान

१/८
कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी, माथ्यावर बेभरवशाचा पाऊस. टंचाई आणि पूर या दोन्हींची धास्ती असलेल्या या टापूत संकटाआधीची तयारी कुणी करायची? या प्रश्नाला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

२/८
१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन व दक्षिण भारतात लाखो माणसे दगावली. त्यानंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला.

३/८
संहितेचे मर्म पूर्वतयारीत होते. धान्याचे भाव चढणे, सावकाराने हात आखडणे, माणसे गाव सोडून भटकू लागणे या धोक्याच्या खुणा. त्या दिसताच अल्प मजुरीवर चाचणीची कामे काढायची. मजुरांची रीघ लागली, तर दुष्काळ खरा! पुढच्या कामांची यादी जिल्ह्यात आधीच तयार असे.

४/८
मराठवाडा मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला. पुढे महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या.

५/८
दहाच वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, सोबत सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. यादी आणि हजेरीपट यांनी माणसे जगवली.

६/८
भूकंप मात्र खुणा दाखवून येत नाही. २४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने पंचायतींसाठी २९ विषय सुचवले; त्यांत आपत्ती व्यवस्थापन नव्हते. पाचच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारी हादरली. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली.

७/८
२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने ही उणीव भरली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, साधने वापरण्याजोगी ठेवणे आणि मदतकार्य करणे ही कर्तव्ये कलम ४१ ने स्थानिक संस्थांवर सोपवली.

८/८
संहितेची ताकद कागदात नव्हती. खूण ओळखणाऱ्या गावकामगारात आणि तयार यादीत होती. आज ती यादी गावाची आहे: उंचावरची शाळा कोणती, पाणी टिकणारी विहीर कोणाची, एकटे वृद्ध कुठे राहतात. हे जिल्ह्याच्या कचेरीला ठाऊक नसते; ग्रामसभेला असते. ते लिहून ठेवायची वेळ संकटाआधीची.

#इतिहास #मराठवाडा