श्रमाला धन्यवाद: २३ नोव्हेंबर आणि आपली मुले



अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते. जपानमध्ये त्याच सुमारास, २३ नोव्हेंबरला, 'किन्रो कान्शा नो हि' असतो. किन्रो म्हणजे श्रम, कान्शा म्हणजे कृतज्ञता. १९४८ च्या कायद्याने ही सुट्टी ठरली. तिचे मूळ मात्र सम्राटांनी नवा तांदूळ देवाला अर्पण करण्याच्या 'नीनामे-साई' या विधीत आहे. आपल्या कोकणातली नवान्न पौर्णिमा आठवली ना?

या दिवसांत अनेक बालवाड्यांतली मुले स्वतः काढलेली चित्रे पोलीस चौकीत, अग्निशमन केंद्रात नेऊन देतात. काही शाळांत मुले स्वयंपाकघरातल्या काकूंना पत्रे लिहितात. एरवीही 'क्यूशोकु' म्हणजे शाळेतले जेवण मुलेच आळीपाळीने वाढतात. सुरुवातीला 'इतादाकिमासु' आणि शेवटी 'गोचिसोसामा देशिता' म्हणतात. आपल्याकडच्या जेवणाआधीच्या श्लोकासारखेच हे.

आपली बरीच शाकाहारी मुले घरून डबा नेतात. 'आम्ही तिथले जेवतच नाही, मग आभार कशाचे?' असा प्रश्न ती विचारतात. आम्ही त्यांना सांगतो, पदार्थांत काय घातले आहे याची यादी कोणीतरी आपल्यासाठी तपासते, डब्याला वर्गात जागा देते. त्या कष्टांचे आभार मानायचे.

भेटवस्तू नको, सरकारी शाळा त्या सहसा घेत नाहीत. मुलाच्या अक्षरात 'इत्सुमो आरिगातो गोझाइमासु', म्हणजे 'नेहमीच धन्यवाद', एवढी एक ओळ पुरे. २३ तारखेला शाळा बंद असते, म्हणून पत्र आदल्या आठवड्यातच द्यावे.