गाणारी वस्ती आणि अदृश्य घरमालक

14 मे 1959 रोजी न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटनच्या पश्चिम भागात लिंकन सेंटर या भव्य कलासंकुलाच्या पायाभरणीचा समारंभ झाला. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी फावड्याने माती उचलली. वाद्यवृंदाचे संचालन लेनर्ड बर्नस्टाइन यांनी केले. त्या प्रसंगी वाजविलेल्या रचनांत एरन कोपलंडची ‘सामान्य माणसासाठी’ म्हणून योजलेली तुतारी-रचनाही होती. जेथे ही तुतारी वाजली ती जागा सॅन ह्वान हिल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीची होती. कृष्णवर्णीय अमेरिकन आणि प्वेर्तो रिकन अशा सात हजारांहून अधिक कुटुंबांना आणि सुमारे 800 दुकानांना तेथून उठविण्यात येत होते. अधिकृत भाषेत याला ‘गलिच्छ वस्ती निर्मूलन’ असे नाव होते, आणि त्यामागील सर्वांत प्रबळ व्यक्ती होती रॉबर्ट मोझेस. या समारंभाच्या दोनच वर्षे आधी याच बर्नस्टाइन यांनी याच परिसरातील प्वेर्तो रिकन तरुणांच्या जीवनावर आधारलेल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीतिकेला संगीत दिले होते.

या योगायोगाकडे संगीतकाराच्या नैतिक विसंगतीचा दाखला म्हणून बोट दाखविणे सोपे आहे. पण त्यातून फारसे काही हाती लागत नाही. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न रूपबंधाचा आहे. स्थलांतरितांची वस्ती अमेरिकन संगीतपटात गाऊ-नाचू लागते ती नेमकी ती वस्ती उठण्याच्या बेतात असताना. मग तिला उठविणारी शक्ती त्या गाण्यात कोठे असते? 1961 चा आणि 2021 चा असे ‘वेस्ट साइड स्टोरी’चे दोन चित्रपट आणि 2021 चाच ‘इन द हाइट्स’ हे तीन पाठ शेजारी ठेवून वाचले, तर या प्रश्नाचा एक इतिहास दिसू लागतो. तीनही पाठांत वस्ती गाते. पण घरमालक पात्र म्हणून जवळजवळ येतच नाही.

संगीत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकासाठी येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. आपल्या नाट्यपदाचे केंद्र बहुधा एकटा गायक-नट असतो. ‘वन्स मोअर’ मिळतो तो त्याच्या गळ्याला. अमेरिकन संगीतिकेत मात्र समूह हा स्वतंत्र घटक आहे. वीस-तीस देह एका लयीत हलतात तेव्हा रंगमंचावर ‘आम्ही’ नावाचे एक पात्र निर्माण होते. वस्तीचे चित्रण करण्यास हा रूपबंध स्वभावतःच अनुकूल आहे, कारण वास्तववादी कादंबरीला शेकडो पृष्ठांत जे साधावे लागते ते तो चार मिनिटांत साधतो. परंतु या ‘आम्ही’ला एकरूप व्हावयाचे तर काही भेद गाळावे लागतात आणि काही विरोधक बाजूला सारावे लागतात.

‘वेस्ट साइड स्टोरी’च्या जन्मकथेतच हे गाळणे आहे. 1949 मध्ये जेरोम रॉबिन्स यांच्या मनातील मूळ कल्पना मॅनहॅटनच्या पूर्व भागातील ज्यू आणि कॅथलिक कुटुंबांच्या वैराची होती. 1955 च्या सुमारास, टोळ्यांच्या हाणामाऱ्यांच्या बातम्या वृत्तपत्रांत गाजत असताना, बर्नस्टाइन आणि लेखक आर्थर लॉरेंट्स यांनी ज्यूंच्या जागी प्वेर्तो रिकन आणले. म्हणजे प्वेर्तो रिकन माणूस या कथेत आला तो आधीच आखलेल्या रिकाम्या जागेत. त्याच्या बेटावर 1898 पासून अमेरिकेची सत्ता आहे, 1917 पासून तो अमेरिकेचा नागरिक आहे, आणि म्हणून कायद्याच्या अर्थाने तो परदेशातून आलेला स्थलांतरित नाहीच, या इतिहासाला त्या आखणीत फारसे स्थान नव्हते. 1961 च्या चित्रपटात मारियाची भूमिका नॅटली वुड यांनी केली, तर बर्नार्डोची ग्रीक वंशाच्या जॉर्ज चकिरिस यांनी. प्रमुख भूमिकांतील एकमेव प्वेर्तो रिकन अभिनेत्री रिटा मोरेनो यांना ऑस्कर मिळाले. सर्वांच्या चेहऱ्यांवर एकाच गडद रंगाचा लेप चढविला जात असे, हेही त्यांनीच पुढे सांगितले.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने रंगभूषेपेक्षा स्थळ अधिक बोलके आहे. 1960 च्या उन्हाळ्यात आरंभीच्या नृत्याचे काही चित्रीकरण पश्चिम बाजूच्या 68व्या रस्त्यावर, पाडण्यासाठी रिकाम्या केलेल्या इमारतींच्या पार्श्वभूमीवर झाले. चित्रपट सुरू होतो तो आकाशातून. कॅमेरा मॅनहॅटनवरून सरळ खाली पाहत सरकतो. रस्ते, पूल, गच्च्या यांची भूमिती होते. मोझेस यांच्यासारखा नियोजक शहराकडे ज्या कोनातून पाहतो तोच हा कोन, असे म्हणावयास हरकत नाही. मग कॅमेरा खेळाच्या मैदानात उतरतो आणि तेथे भांडण सुरू होते ते दोन गरीब टोळ्यांचे. दोघेही ज्या जमिनीसाठी रक्त सांडतात ती दोघांच्याही हातून गेलेली आहे, हे चित्रपटाला ठाऊक नाही. पण चित्रफितीला ठाऊक आहे. रिकाम्या खिडक्या पडद्यावर दिसतात, त्या का रिकाम्या आहेत हे मात्र कोणी विचारीत नाही. उभा संघर्ष आडवा केला गेला आहे. वरच्याशी असलेले वैर शेजाऱ्याच्या अंगावर घातले गेले आहे. वस्तुस्थिती अशी की योजनेला मंजुरी मिळाली त्या 1957 च्या आसपास तेथील रहिवासी आणि दुकानदार निदर्शने करीत होते, न्यायालयात जात होते. त्यांचा आवाज त्या वर्षी रंगभूमीवर आलेल्या संगीतिकेत नाही.

साठ वर्षांनी स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी हा चित्रपट पुन्हा केला तेव्हा पटकथाकार टोनी कुश्नर यांनी नेमके हेच गाळलेले परत आणले. 2021 चा चित्रपट ढिगाऱ्यावरून सुरू होतो. पाडकामाचा लोखंडी गोळा दिसतो, लिंकन सेंटरच्या भावी रूपाची जाहिरात-पाटी दिसते. पोलीस अधिकारी गोऱ्या टोळीला सुनावतो, की लवकरच येथे श्रीमंतांची घरे होतील आणि तुम्हांला हाकलायला दारावर प्वेर्तो रिकन दरवान असतील. अनीटाचे सुप्रसिद्ध गाणे गच्चीवरून भर रस्त्यावर येते, आणि त्या वाटेवर निष्कासनाविरुद्धचे निदर्शकही ओझरते दिसतात. स्पॅनिश संवादांखाली इंग्रजी भाषांतर दिलेले नाही, हा निर्णयही याच दिशेचा. तरीही कथानकाची यंत्रणा जुनीच राहते. निदर्शक दिसतात आणि मागे पडतात. मरतात ते एकमेकांच्या हातून. इतिहास आला, पण नेपथ्य होऊन आला. मूळचा ढिगारा आता कोठून मिळणार? तो न्यू जर्सीतील पॅटरसन गावात मुद्दाम रचावा लागला.

लिन-मॅन्युएल मिरांडा यांच्या ‘इन द हाइट्स’कडे वळण्यापूर्वी एक दुवा नोंदविला पाहिजे. 2009 मध्ये ‘वेस्ट साइड स्टोरी’ ब्रॉडवेवर पुन्हा आली तेव्हा प्वेर्तो रिकन पात्रांच्या गीतांचे स्पॅनिश रूपांतर मिरांडा यांनीच केले होते. आपल्या लोकांची दुसऱ्यांनी लिहिलेली भाषा त्यांच्या तोंडी परत देण्याचे हे काम त्यांनी स्वतःची संगीतिका ब्रॉडवेवर आल्यानंतर वर्षभराने केले. ‘इन द हाइट्स’चा पहिला खर्डा त्यांनी विद्यार्थिदशेत, 1999 च्या सुमारास लिहिला, कियारा अलेग्रिया ह्यूडिस यांच्या संहितेसह ती 2008 मध्ये ब्रॉडवेवर आली आणि तिला सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळाला. जॉन चू यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट जून 2021 मध्ये प्रदर्शित झाला. येथे चाकू नाही, टोळी नाही, खलपुरुष नाही. लॅटिनो तरुण म्हणजे गुन्हेगार या पन्नास वर्षांच्या समीकरणाला दिलेले ते उत्तर होते, आणि त्याचे मोल कमी लेखू नये.

मॅनहॅटनच्या उत्तर टोकाजवळच्या वॉशिंग्टन हाइट्स या भागात आधी आयरिश आले, 1930 नंतर नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू आले. हुकूमशहा त्रुहियो यांचा 1961 मध्ये वध झाला, 1965 मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात अमेरिकन सैन्य उतरले, त्याच वर्षी अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला. आणि पुढील दोन-तीन दशकांत हा भाग अमेरिकेतील डोमिनिकन जीवनाचे केंद्र झाला. चित्रपटाचा नायक उस्नावी कोपऱ्यावर बोदेगा चालवितो. बोदेगा म्हणजे किराणा, कॉफी, लॉटरीचे तिकीट आणि गल्लीच्या बातम्या एकाच गल्ल्यावर मिळतात असे दुकान. शेजारी डॅनिएलाचे केशकर्तनालय, पलीकडे केव्हिन रोसारिओची टॅक्सी-कचेरी, आणि रस्त्यावर बर्फाचा गोळा विकणारा पिरागुएरो, ज्याची भूमिका खुद्द मिरांडा यांनी केली आहे. मालिकेत मोठ्या झालेल्या ‘मिस्टर सॉफ्टी’च्या गाडीशी या गोळेवाल्याची चाललेली स्पर्धा हा चित्रपटातला सर्वांत हलकाफुलका आणि कदाचित सर्वांत नेमका अर्थशास्त्रीय प्रसंग आहे; तेथे निदान प्रतिस्पर्धी तरी समोर दिसतो.

बाकी ठिकाणी तो दिसत नाही. डॅनिएला भाडे परवडत नाही म्हणून दुकान ब्राँक्समध्ये हलविते. केव्हिन मुलीच्या स्टॅनफर्डमधील शिक्षणासाठी धंदा तुकड्यातुकड्याने विकतो. व्हनेसाला दक्षिणेकडच्या महागड्या भागातील घर नाकारले जाते. भाडे वाढते, पण ते वाढविणारा कोणी नाही. उष्णता वाढावी तसे ते वाढते. चित्रपटाने कथेला उष्णतेच्या लाटेचा आणि दिवसमोजणीचा सांगाडा दिला आहे, आणि त्यामुळे भाडेवाढ, उकाडा आणि वीज जाणे ही तिन्ही एकाच जातीची संकटे वाटू लागतात. वीजगुलीच्या समूहगीतात वीज नसणे आणि सत्ता नसणे या दोन अर्थांच्या इंग्रजी शब्दावर श्लेष आहे, तो प्रभावीही आहे. पण 1999 च्या जुलैत वॉशिंग्टन हाइट्स आणि शेजारचे इनवुड यांची वीज खरोखरच गेली होती, आणि तेव्हा उरलेल्या मॅनहॅटनमधले दिवे चालू होते. ज्या शहरात एकाच भागाचा अंधार होतो तेथे तो निसर्गाचा कोप राहत नाही.

या संगीतिकेने मध्यवर्ती पात्रे म्हणून दुकानदार निवडले, याचा परिणाम तिच्या कर्त्यांना अभिप्रेत होता की नाही हे ठरविण्याचे कारण नाही. परिणाम मात्र विचारात घेण्याजोगा आहे. न्यूयॉर्कमध्ये राहत्या घरांच्या फार मोठ्या संख्येवर भाडे-नियमन आहे. दुकानांच्या जागांवर ते 1945 मध्ये आले आणि 1963 मध्ये संपले. त्यानंतर दुकानाच्या भाडेपट्ट्याची मुदत सरली की मालक मागेल तो आकडा. डॅनिएला आणि उस्नावी हे त्या पोकळीचे रहिवासी आहेत. तिच्याविषयी एक वाक्यही न उच्चारता चित्रपट तिच्यात वावरतो. 2018 मध्ये इनवुडच्या बांधकाम-नियमांतील बदलास नगरपरिषदेने मान्यता दिली, तिला रहिवाशांनी कडाडून विरोध केला होता. चित्रपटाचे चित्रीकरण 2019 च्या उन्हाळ्यात याच परिसरात झाले. त्याच जून महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने, भाडेकरू संघटनांच्या दीर्घ लढ्यानंतर, घरभाडेकरूंना संरक्षण देणारा मोठा कायदा संमत केला. म्हणजे ज्या रस्त्यांवर कॅमेरे लागले होते तेथील भाडेकरू संघटित होते आणि काही जिंकतही होते. पडद्यावरील वस्तीला मात्र 96,000 डॉलरच्या लॉटरीची वाट पाहावी लागते.

हायब्रिज येथील सार्वजनिक तरणतलावात चित्रित झालेले लॉटरीचे समूहगीत या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. कॅमेरा 1930 च्या दशकातील संगीतपटांच्या धर्तीवर वरून खाली पाहतो आणि शेकडो देहांची फुले होतात. प्रत्येकजण आपापल्या खर्चाची यादी गातो. त्यात एकटा सनी, उस्नावीचा वयाने लहान चुलतभाऊ, भाडेवाढीविषयी, वस्तीच्या उच्चभ्रूकरणाविषयी बोलतो. क्षणभर समूहाचे कान टवकारतात आणि लगेच तालाचा प्रवाह त्याला गिळतो. हा प्रसंग फसलेला आहे असे माझे मत नाही. उलट रूपबंधाने आपली मर्यादा येथे उघडी केली आहे: यादी सर्वांची असू शकते, मागणी मात्र एकट्याची ठरते.

या चित्रपटात निषेध मुळीच नाही असेही नव्हे. रंगमंचीय पाठात नसलेला एक धागा पटकथेने आणला: सनीजवळ कायदेशीर कागदपत्रे नाहीत, आणि हे उलगडते ते अशाच मुलांच्या हक्कांसाठी भरलेल्या मोर्च्याच्या प्रसंगी. आबुएला क्लॉडिया, 1943 मध्ये क्यूबातून आईबरोबर आलेली आणि साऱ्या गल्लीची आजी झालेली स्त्री, मृत्यूपूर्वी विजयी तिकीट उस्नावीसाठी ठेवून जाते. तो ते सनीच्या खटल्याच्या खर्चासाठी देतो. सरकारविरुद्धचा लढा असा पडद्यावर येऊ शकतो. घरमालकाविरुद्धचा येत नाही. सरकारविरुद्धच्या लढ्यात कुटुंबाची करुणा ओतता येते, वकील हा मदतनीस म्हणून येतो. मालमत्तेच्या प्रश्नात मात्र कोणाचे तरी नाव घ्यावे लागते.

‘आम्ही’ जुळविताना आणखी एक गोष्ट गाळली गेली. मूळ संगीतिकेत केव्हिनला आपली मुलगी कृष्णवर्णीय बेनीने मागावी हे रुचत नाही. चित्रपटात हा पूर्वग्रह नाहीसा झाला आहे. शिवाय मुख्य लॅटिनो भूमिकांत गडद वर्णाचे कलावंत नाहीत, अशी टीका चित्रपट प्रदर्शित होताच झाली आणि मिरांडा यांनी त्याच महिन्यात जाहीर क्षमा मागितली. डोमिनिकन समाजात वर्णाचा प्रश्न किती खोल आहे याची साक्ष 1937 च्या हैतियन-विरोधी हत्याकांडापासून मिळते. ही चूक केवळ पात्रनिवडीची असती तर क्षमेने विषय मिटला असता. परंतु केव्हिनचा पूर्वग्रह पुसणे आणि गडद चेहरे मागे ढकलणे या एकाच हालचालीच्या दोन बाजू आहेत. आतला भेद नाहीसा केल्याशिवाय समूहाला एका सुरात गाता येत नाही, आणि बाहेरचा विरोधक नाहीसा केल्याशिवाय ते गाणे उत्सव होऊ शकत नाही.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये लिंकन सेंटरचे नूतनीकरण झालेले संगीतगृह उघडले ते एटिएन चार्ल्स यांच्या ‘सॅन ह्वान हिल’ या रचनेने. उठविलेल्या वस्तीचे नाव त्याच जागी, संस्थेच्याच आमंत्रणावरून, वाजविले गेले. ‘इन द हाइट्स’ला आपली आठवण अशी उशिरा होऊ द्यावयाची नाही. म्हणून चित्रपट सारी कथा आठवणीच्या चौकटीत बसवितो: समुद्रकिनारी बसून उस्नावी लहान मुलांना गोष्ट सांगतो आहे, आणि आपण समजतो की तो डोमिनिकन बेटावर परत गेला. शेवटी कळते की तो किनारा दुकानाच्या भिंतीवर रंगविलेला आहे. उस्नावी गेलाच नाही. व्हनेसा त्याची पत्नी आहे, ऐकणाऱ्यांत त्यांची मुलगी आहे, आणि दाराबाहेर गल्ली अजून नाचते आहे. त्या दुकानाचे भाडे आता किती झाले आणि ते महिन्याच्या महिन्याला कोणाच्या हाती जाते, हे मुलांपैकी कोणी विचारीत नाही.