कुलाब्याच्या वहीतले वादळ

चुंबकसूची उत्तर-दक्षिण दिशा दाखवते, हे आपण प्राथमिक शाळेतच शिकवतो. ती पूर्णपणे स्थिर कधीच नसते, हे मात्र सांगायचे बहुधा राहून जाते. दिवसभरात तिची दिशा किंचित बदलते आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रताही थोडी कमीजास्त होते. हे बदल इतके सूक्ष्म असतात की शाळेतल्या सूचीवर ते दिसत नाहीत. पण कोणी ते वर्षानुवर्षे टिपत राहिले तर काय हाती लागते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली. पुढे गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांच्या प्रेरणेने जगभर अनेक ठिकाणी चुंबकीय वेध घेण्याची मोहीम सुरू झाली. कुलाब्याला हे काम १८४१ मध्ये सुरू झाले. टांगलेल्या चुंबकाची बारीक हालचाल सहायक दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचत आणि वहीत लिहीत. पुढे पुण्यात गणिताचे अध्यापक म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनीही तरुणपणी या वेधशाळेत सहायकाचे काम केले होते. काम कंटाळवाणे होते. दर तासाला एक वाचन, दिवसा आणि रात्रीही. सूची अस्वस्थ झालेली दिसली तर वाचने अधिक वेळा घ्यायची, असा नियम होता.

या नियमाची कसोटी १८५९ च्या सप्टेंबरात लागली. १ सप्टेंबरला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचे चित्र काढत होते. अचानक एका मोठ्या डागसमूहावर त्यांना दोन अतितेजस्वी ठिपके दिसले आणि थोड्याच मिनिटांत ते मावळले. रिचर्ड हॉजसन यांनीही दुसऱ्या ठिकाणाहून हेच दृश्य पाहिले. त्याच वेळी लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतील नोंदीत एक लहानसा झटका उमटला. सुमारे साडेसतरा तासांनी प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले. क्यूच्या छायाचित्रण पद्धतीच्या उपकरणातील रेषा कागदाबाहेर गेली. ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंत दिसला. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड यांच्यामधील तारायंत्र बॅटरी काढून टाकूनही काही काळ चालले!

कुलाब्याला तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. तेथील सहायकांनी नियमाप्रमाणे दर पंधरा मिनिटांनी, आणि वादळ वाढल्यावर दर पाच मिनिटांनी वाचने घेतली. त्यांनी लिहिलेल्या आकड्यांवरून क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी घट झाल्याचे दिसते. मुंबई परिसरात हा घटक साधारण ३८,००० नॅनोटेस्ला असतो. म्हणजे त्यातले सुमारे चार टक्के काही काळ नाहीसे झाले. शांत दिवशी हा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचाच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळेल.

पण आकडा वहीत लिहिला म्हणजे त्याचा अर्थ कळला असे नाही. सूर्यावरील प्रकाशाचा आणि पृथ्वीवरील वादळाचा संबंध आहे, असे ठामपणे म्हणायला कॅरिंग्टन स्वतः धजले नाहीत. १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी तर हा संबंध नाकारलाच. त्यांचा हिशेब असा होता : सूर्य चुंबकीय लहरी सर्व दिशांना पाठवून असे वादळ घडवत असेल, तर आठ तासांच्या वादळासाठी त्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी ऊर्जा खर्चावी लागेल. ते अशक्य आहे. हिशेबात चूक नव्हती. चूक गृहीतकात होती. सूर्याकडून चुंबकीय लहरी नव्हे, तर भारित कणांचा ढग येतो. तोही सर्व दिशांना नव्हे, एखाद्याच दिशेला.

दरम्यान कुलाब्याच्या नोंदींवर वेगळेच संकट आले. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार हे ठरले. त्यांच्या प्रवाहामुळे नाजूक उपकरणे निकामी ठरली असती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली आणि तेथे लोखंडाचा अंशही नसलेली इमारत उभारली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले, त्यामुळे जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळला. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचे विवेचन १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

नोंदींचा उलगडा करणारे ज्ञान विसाव्या शतकात हळूहळू जमले. सुमारे साठ किलोमीटरपासून पुढे वातावरणात आयनांबर आहे, हे रेडिओलहरींमुळे कळले. १९५८ मध्ये एक्सप्लोरर-१ उपग्रहाने पृथ्वीभोवतीचे भारित कणांचे पट्टे दाखवले. १९५९ मध्ये, त्या वादळानंतर बरोबर शंभर वर्षांनी, थॉमस गोल्ड यांनी पृथ्वीच्या चुंबकीय प्रभावक्षेत्राला नाव दिले. त्यालाच आपण चुंबकांबर म्हणतो.

आता १८५९ च्या दोन्ही घटना नीट समजतात. क्यूचा लहान झटका क्ष-किरणांचा. ते प्रकाशाबरोबरच आठ मिनिटांत पोचले, त्यांनी आयनांबराची विद्युतवाहकता वाढवली आणि तेथील प्रवाह बदलले. पाठोपाठ निघालेला कणांचा ढग सेकंदाला २,३०० किलोमीटरहून अधिक वेगाने आला. चुंबकांबरात अडकलेले कण पृथ्वीभोवती फिरू लागले. धनभारित कण पश्चिमेकडे, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे; दोघांचा मिळून पश्चिमेकडे जाणारा वलयप्रवाह होतो. त्याचे क्षेत्र विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेने असते, म्हणून क्षितिजसमांतर घटक घटतो. ध्रुवांजवळ इतर प्रवाहांची गर्दी असते. मुंबईसारख्या ठिकाणाहून हा परिणाम स्वच्छ दिसतो.

२००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या जुन्या नोंदींवरून या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्या आकड्याकडे जगाचे लक्ष गेले. त्यावर वादही झाला. ही घट थोड्याच वेळाची आहे. तासाची सरासरी काढली तर आकडा बराच लहान होतो. घटलेले क्षेत्र फार लवकर सावरले, म्हणून काहींच्या मते त्यात केवळ वलयप्रवाह नव्हे, आयनांबरातील प्रवाहांचाही वाटा असावा. पण हा वाद तरी कशाच्या बळावर चालतो? पाच-पाच मिनिटांची वाचने हाती आहेत म्हणूनच.

याचे महत्त्व केवळ इतिहासापुरते नाही. १३ मार्च १९८९ च्या वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील साठ लाख लोक सुमारे नऊ तास विजेविना राहिले. त्या वादळातील घट तासाच्या सरासरीने ५८९ नॅनोटेस्ला होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर एका साध्याशा वादळाने उच्च वातावरण तापून फुगले, घर्षण वाढले आणि नुकतेच सोडलेले ३८ स्टारलिंक उपग्रह खाली येऊन नष्ट झाले. उपग्रह आणि वीजजाळी किती मोठे वादळ सोसतील असे बांधायचे, हे ठरवताना अभियंत्यांना १८५९ चा विचार करावा लागतो. भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ ला निघाले. आता ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्याकडे पाहते, आणि त्यावरही चुंबकत्वमापक आहे.

कुलाब्याच्या सहायकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. चुंबकांबर हा शब्दही तेव्हा नव्हता. आपण काय मोजतो आहोत याचा अर्थ माहीत नसतानाही त्यांनी वाचन चुकवले नाही, आणि न पटणारा आकडा खोडला नाही. शाळेत पर्जन्यमापकाची किंवा तापमानाची वही ठेवणाऱ्या मुलांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : अपेक्षेबाहेरचा आकडा आला, तर उपकरण पुन्हा तपासा, वेळ लिहा आणि आकडा आहे तसा ठेवा. त्याचा अर्थ लावणारे कदाचित अजून जन्मायचे असतील.