‘नास्तिक’ या शब्दाची कुळकथा

संध्याकाळची आरती संपून तबक फिरू लागले आणि घरातल्या एखाद्या तरुणाने ज्योतीवरून हात न फिरवता ते तसेच पुढे सरकवले, की माजघरातून हलक्या आवाजात ‘नास्तिक आहे तो’ असा निवाडा होतो. आणि देव न मानणारा एवढाच त्या शब्दाचा अर्थ असून तो अनादि काळापासून तसाच चालत आला असावा, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. परंतु या शब्दाचे जुने दप्तर सोडून पाहिले, तर त्याच्या जन्मवेळी देवाचा प्रश्न कोणी काढलाच नव्हता असे दिसून येते.

पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात अस्ति, नास्ति आणि दिष्ट या तीन शब्दांना, ‘अशी ज्याची मती’ या अर्थी, एकच प्रत्यय मुक्रर केला. त्या प्रत्ययाचा ‘इक’ होतो, आद्य स्वराची वृद्धी होते, आणि ‘आहे’ म्हणणारा तो आस्तिक, ‘नाही’ म्हणणारा तो नास्तिक, सारे दैवाधीन म्हणणारा तो दैष्टिक, अशी तीन भावंडे एकाच सूत्राच्या उदरातून बाहेर येतात. ज्याच्यापाशी मती आहे तो आस्तिक असा अर्थ केला तर चोरालाही आस्तिक म्हणण्याची पाळी येईल, अशी शंका महाभाष्यात पतंजली उपस्थित करतो आणि ‘आहे अशी ज्याची मती’ असा अन्वय लावून ती मिटवतो. परंतु काय आहे आणि काय नाही, याचा उलगडा सूत्रात नाही. ती मोकळी जागा पुढे काशिकावृत्तीने ‘परलोक’ हा शब्द घालून भरली. कठोपनिषदात नचिकेता यमापाशी तिसरा वर मागतो, तेव्हा मेलेल्या माणसाविषयी कोणी ‘आहे’ म्हणतात, कोणी ‘नाही’ म्हणतात, हाच पेच तो पुढे ठेवतो. आपल्या शब्दाचे बीज मला तेथे दिसते.

मनुस्मृतीत येईपर्यंत या शब्दाला शिक्षेची धार चढली होती. तर्काच्या आधाराने श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्या द्विजाला सज्जनांनी बहिष्कृत करावे, असे सांगताना स्मृतिकार त्याला नास्तिक आणि वेदाचा निंदक म्हणतो. येथे परलोक मागे पडून ग्रंथप्रामाण्य पुढे आले, आणि त्याचा परिणाम मोठा विलक्षण झाला: वेद मानूनही जगाचा कर्ता ईश्वर साफ नाकारणारे मीमांसक आस्तिकांच्या पंगतीत निर्वेध बसले, तर पुनर्जन्म आणि कर्मफल मनोभावे मानणारे बौद्ध आणि जैन नास्तिकांच्या यादीत गेले. त्यांनीही ही सनद निमूटपणे मान्य केली नाही. जैन आचार्य हरिभद्राने षड्दर्शनसमुच्चयात जैनांना व बौद्धांना आस्तिकवाद्यांत गणले आणि परलोक न मानणाऱ्या लोकायताला तेवढे बाहेर ठेवले. बौद्ध नागार्जुनाने रत्नावलीत नास्तिकाला दुर्गती सांगितली. म्हणजे पंथ बदलला की यादी बदलते, एवढी ही व्याख्या ती करणाऱ्याच्या हाती होती.

महाभारताच्या वनपर्वातला एक प्रसंग मला या संबंधात फार जवळचा वाटतो. राज्य गेलेले, भरसभेत विटंबना झालेली, आणि ज्याने आयुष्यभर धर्माला जपले त्या पतीला धर्माने जपले नाही हे डोळ्यांसमोर दिसणारे, अशा स्थितीत द्रौपदी युधिष्ठिराला विचारते, की सूत्रावर नाचणाऱ्या बाहुल्यांप्रमाणे प्राणिमात्रांना खेळवणारा हा विधाता न्यायी कसा म्हणावा? विधाता नाहीच, असे ती म्हणत नाही. तो आहे असे धरूनच त्याच्यावर फिर्याद गुदरते. युधिष्ठिर तिच्या वाणीच्या सौंदर्याची प्रशंसा करतो आणि लगेच सांगतो, की तू बोलतेस ते नास्तिक्य आहे. त्या विदुषीच्या युक्तिवादाला उत्तर पुढे मिळते, पण हा शिक्का आधी बसतो, आणि तो ज्या प्रश्नावर बसला तो प्रश्न आजही तितकाच खरा आहे.

ज्यांच्यावर हा शिक्का कायमचा राहिला त्या चार्वाकांची, म्हणजे लोकायतांची, कैफियत त्यांच्याच शब्दांत क्वचितच ऐकू येते, कारण बृहस्पतीची म्हणून सांगितली जाणारी सूत्रे विरोधकांनी खंडनासाठी उद्धृत केली तेवढीच उरली. जयराशिभट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा त्या बाजूला झुकणारा, प्रत्येक प्रमाणाच्या मुळाशी संशय घेणारा ग्रंथ 1926 साली गुजरातेतील पाटणच्या जैन भांडारात ताडपत्रावर सापडला आणि 1940 साली बडोद्याहून छापून निघाला. ज्यांना आपल्या यादीत चार्वाक नको होता त्या जैनांच्याच भांडाराने ही पोथी शतकानुशतके सांभाळली, याबद्दल आपण त्यांचे ऋणी राहिले पाहिजे.

देव न मानणारा हा आजचा नेमका अर्थ, इंग्रजी विद्येबरोबर आलेल्या ‘एथिइस्ट’ या शब्दाला प्रतिशब्द म्हणून हा जुना शब्द योजला गेला, तेव्हा पक्का झाला. समाजसुधारक आगरकर स्वतः अज्ञेयवादी. ‘ठाऊक नाही’ एवढेच ते प्रामाणिकपणे म्हणत. तरी पुण्यातल्या सनातन्यांनी त्या सत्पुरुषाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. इतरांनी लावलेला हा शब्द स्वतःच्या नावापुढे आपल्या हाताने लिहिण्याचे धैर्य भगतसिंगांनी दाखवले: देव न मानणे हा अहंकार आहे, या आक्षेपाला 1930 साली लाहोरच्या तुरुंगातून, फाशीची शिक्षा समोर दिसत असताना, त्यांनी जे उत्तर लिहिले त्याचा मथळाच आपण नास्तिक का, असा आहे.

चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहाच्या पहिल्याच प्रकरणात चार्वाकाला नास्तिकशिरोमणी म्हटले होते. आमच्या काळात आ. ह. साळुंखे यांनी मराठीत चार्वाकावर ग्रंथ लिहिला आणि त्या जुन्या विशेषणातला आरंभीचा एक ‘न’ काढून त्याला नाव दिले, ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’.